चौदा मैल नेडीनला

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या महापौर मिसेस रिकर्ट, सत्कारमूर्ती मिस्टर ऑर्विल स्टेगमन, त्यांच्या शेजारची खुर्ची पटकावलेली नेडीन क्रूस, आणि तळलेल्या कॅटफिशच्या वासाने चुळबुळणाऱ्या बेल्कनॅपच्या बंधुभगिनींनो,

'पटकावलेली' म्हणालो का मी? कागदावर 'भूषवणारी' आहे. असो.

रेल्वे बंद पडली, रूळ उखडले, त्या जागी खडी दाबून सव्वादोनशे मैलांची वाट झाली. सायकलवाले येतात, फोटो काढतात, जातात. पण आपले चौदा मैल एकोणतीस वर्षं सांभाळले कुणी? मिस्टर स्टेगमननी. उद्या ते मुलीकडे ॲरिझोनाला निघालेत. आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. जाणारा माणूस आपले मैल स्वतःच कुणाच्या तरी हवाली करतो, आणि ज्याला ते मिळत नाहीत त्याने निरोपाचं भाषण करायचं. म्हणून मी इथे उभा!

मला का नाही मिळाले? सोळा राज्यं पायी हिंडलो, परत आलो तो या वाटेसाठी. नेडीन दंतवैद्याकडे कारकुनी करते हो!

एप्रिलमध्ये मिस्टर स्टेगमन आम्हा दोघांना म्हणाले, "एकेकटे चालून या. दिसेल ते लिहून आणा." नेडीन सोमवारी सकाळी गेली, संध्याकाळी परत. तीन पानं! मी बुधवारी निघालो तो शुक्रवारी उगवलो, टोपीभर अळंबी घेऊन. वाटेत जुन्या दगडखाणीचा फाटा लागला, तिकडे वळलो. ती अळंबी लोण्यात परतली ना, की... असो.

"कागद कुठाय?" त्यांनी विचारलं.

"सगळं डोक्यात आहे."

"मग डोकं इथे ठेव आणि तू घरी जा."

हसा, हसा. डोक्यात काय होतं ते आता ऐका. वाटेच्या एकशे बाराव्या मैलावर, भरावाखालच्या मोरीच्या तोंडाशी एक बीव्हर पाणी अडवायला फांद्या रचत होता. नेडीन गेली तेव्हा तिथे काहीच नव्हतं. मी दोन तास बसून त्याला बघितलं. सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याचं घर उपसून काढलं असतं. मला तो आवडला होता. गप्प बसलो.

मे महिन्यात पाणी तुंबलं आणि साठ फूट भराव वाहून गेला. सगळं गाव नेडीनवर घसरलं, "तीन पानं लिहिलीस, मोरी नाही दिसली?" ती एवढंच म्हणाली, "नसेल दिसली," आणि तीन आठवडे माती ओढत राहिली. मी शेजारीच फावडं मारत होतो. खरं सांगू? मला बरं वाटत होतं. वाटलं, आता मैल आपलेच.

आत्ताही मागच्या रांगेत कुजबुज चाललीय, "हिच्या हाती मैल?" त्या कुजबुजीची सुरुवात मीच केली, मिसेस रिकर्ट. तुमच्याच ओसरीवर.

नेडीन, अशी बघू नकोस. माझं बोलणं संपत आलंय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. मोरीचं मात्र घालू नका; तो हिशोब नेडीनने करायचा. आणि मिस्टर स्टेगमन, मैल योग्य हाती गेले. हे वाक्य म्हणताना अजून माझा जळफळाट होतोय, पण म्हणतोय.