माझ्या कानाचा सूर

...आणि वर मलाच विचारते, "काका, ऐकायला कमी येतं का?" मला! बिबवेवाडीत बत्तीस वर्षं तबले-डग्गे मढवतोय मी. रावसाहेबांसारखे वादक म्हणतात, दिगंबरनं कान लावला की विषय संपला... तुम्हाला सांगतो, कान माझा चांगला आहे!

तर स्वारगेटजवळचा दवाखाना. कान तपासणारी स्पृहा, माझ्या कल्याणीच्याच वयाची पोरगी. कानात बूच घातलं, हवा दाबली, खालून वर शिट्ट्या सोडल्या, आणि म्हणते कशी, "काका, बेसिकली पडद्यामागच्या हाडांचा स्वतःचा एक सूर असतो. नऊशे-हजार हर्ट्झच्या आसपास हवा, तुमचा चौदाशे आलाय. ताठरपणा वाढला की तो चढतो, वजन वाढलं की उतरतो." अगं, हे मला शिकवतेस? तबल्याची चामड्याची वादी ओढली की सूर चढतो, वरची काळी शाई जाड झाली की उतरतो, जन्म गेला माझा त्यात!

"एक्झॅक्टली! तुमच्या कानाची वादी ओढली गेलीय. आतलं बारकं हाड आखडलंय. अशा कानाला आधी खालचे सूर ऐकू येईनासे होतात."

खालचे सूर? म्हणजे... डग्ग्याचे?

कल्याणीनं फॉर्मवर लिहिलंच होतं, 'बाबा टीव्ही मोठा लावतात, पाच वर्षं झाली.' पाच वर्षं! अहो, तेव्हाच तर माझ्या या मुलीनं स्वतः शाई भरून पहिला डग्गा केला होता. दुकान तिलाच चालवायचं होतं हो. मी त्यावर थाप मारून पाहिली, म्हटलं, मुका आहे. दुसरा केला. मुका! तिसरा केला. रडकुंडीला आली, "बाबा, घुमतोय हो, नीट ऐका ना!" मी म्हटलं, "कान माझा चांगला आहे, तुलाच नाही. जा कॉल सेंटरात, तिथे चालतं!" आणि तिन्ही डग्ग्यांच्या पुड्या, ते ताणलेलं कातडं, तिच्यासमोर सुरीनं कापल्या. या हातांनी.

गेली. हिंजवडीच्या कॉल सेंटरात. राहते घरीच.

काल ती कामावर निघाली, चपला घालत होती. हिय्या केला, म्हटलं, "कल्याणी, तुझे डग्गे चांगले होते गं. बहिरा मीच." आता या दुखण्यात म्हणे आपला आवाज आपल्याला मोठा वाटतो, माणूस पुटपुटतो. ती वळली, "काय म्हणालात बाबा? ऐकूच नाही आलं. लवकर सांगा, गाडी आलीय."

म्हटलं, काही नाही... डबा घेतलास ना?