गुहेतलं सरपण

चहाखाली एवढी लाकडं घालू नका गं. का ते सांगते.

इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी आणि माझी थोरली जाऊ सातपुड्यात देवीचा नवस फेडून परत निघालो, आणि वाटेतल्या गुहेत मुक्काम केला. तिथली रीत एवढीच, की आतलं कोरडं सरपण जाळावं आणि निघताना तेवढंच वेचून वाळत टाकावं. आम्ही वांगी भाजली, लुगडी वाळवली, हसत-खिदळत सगळं संपवलं.

सकाळी झड लागली होती. मी म्हटलं, "अक्का, लाकडं वेचायची राहिली."

"या पावसात कोण येतंय मरायला? चल."

आणि मी निघाले.

अर्ध्या उतारावर एक म्हातारा वर येताना भेटला. पाठीवर नात, चिंब भिजलेली, तापानं कुडकुडणारी.

"अक्का, गुहामा सरपण शे ना?" त्यानं मला अहिराणीत विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर तो आमच्यासंगं खालच्या वस्तीवर आला असता. पण लाज वाटली.

"शे आबा," मी म्हटलं, "बठ्ठं, सगळं कोरडं शे."

"देवी तुनं भलं करो," म्हणाला, आणि झपाझप चढू लागला.