दोन दहाचं विमान

बहीण: हे दार कुठल्या वर्षी बसवलं, ते आधी सांग. मग बघू.

भाऊ: तुझं लग्न मोडलं त्या वर्षी. नवऱ्या मुलाचा नकार आला आणि त्याच आठवड्यात सुतार. अण्णा म्हणाले, यापुढे येईल त्याला आधी भोकातून नीट बघून घ्यायचं. झालं समाधान? उघड आता, चिमे.

बहीण: भोकातूनच बघतेय. हुबेहूब दादासारखा दिसतोस.

भाऊ: दादाच आहे म्हणून! अण्णा कसे आहेत?

बहीण: आत्ता एक वाजलाय. दादाचं विमान दोन दहाला उतरायचंय.

भाऊ: हे कुणी सांगितलं?

बहीण: अण्णांनी. तीस वर्षं विमानतळाच्या फळ्यावर वेळा लिहिल्यात त्यांनी. चार हजार सातशे किलोमीटर, सहा तास. आठ दहाला सुटलं, दोन दहाला पोचणार. सकाळी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, तोवर मी काही जात नाही.

भाऊ: अगं, आठ दहा तिकडचे! तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. इथल्या अकरा चाळीसला उतरलो मी. अण्णा तर हे झोपेतसुद्धा वजा करायचे.

बहीण: करायचे. हल्ली मला आईच्या नावानं हाक मारतात.

भाऊ: मग तेवढीच चूक झाली. उघड.

बहीण: फोन का बंद तुझा?

भाऊ: चार्जिंग संपलं.

बहीण: सगळं बरोबर सांगतोयस. पण दादा आत आहे रे.

भाऊ: काय?

बहीण: अर्ध्या तासापूर्वी अण्णांनी खुर्ची पलंगाजवळ ओढायला लावली. म्हणाले, बसू दे त्याला, दमून आलाय. तेव्हापासून बोलतायत. मध्येच थांबतात, ऐकून घेतात, मान डोलावतात.

भाऊ: खुर्चीत कुणी दिसलं तुला?

बहीण: नाही. पण गादी दबलीय. आणि तू बेल वाजवलीस तेव्हा अण्णा म्हणाले, "उघडू नकोस. आपली सगळी माणसं आत आहेत."

भाऊ: हसले का ते आत्ता?

बहीण: हो. आठवड्यात पहिल्यांदा.

भाऊ: चिमे, पाया पडतो तुझ्या. एकदा बघू दे त्यांना. मग भूत म्हणून हाकलून दे हवं तर.

बहीण: तिकिटाचा कागद आहे? दाराखालून सरकव.

भाऊ: हा घे. दोन्ही वेळा छापल्यात. ज्या त्या गावच्या.

बहीण: सुटणार आठ दहा. पोचणार... अकरा चाळीस. अगं बाई! दादा, थांब, कडी अडकतेय.

(दार उघडतं.)

भाऊ: बाजूला हो. कुठल्या खोलीत?

बहीण: मागच्या. आत्ता तर बोलत होते.

भाऊ: अण्णा? अण्णा, आलो मी. डोळे उघडा ना. चिमे, श्वास लागत नाहीये हाताला.

बहीण: अंग गरम आहे अजून.

भाऊ: ही बोटं बघ.

बहीण: कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

भाऊ: दारातूनच मोठ्यानं हाक मारायला हवी होती मी.

बहीण: त्यांनी ऐकली नसती. ऐकत होते ते दुसऱ्या कुणाचं तरी.

भाऊ: डॉक्टरांना बोलवावं लागेल. वेळ विचारतील.

बहीण: मी सांगेन. अण्णा आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी गेले. तेव्हा तू दाराबाहेर होतास.