थोरला ड्राइव्ह, धाकटा ड्राइव्ह

तात्या : कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हा सीडीचा ड्राइव्ह मी एका हाताने बसवला होता. दुसऱ्या हातात चहाची कपबशी. बशीतसुद्धा थेंब सांडला नाही.

लेक : हो का? मग आता दोन्ही हातांनी टॉर्च धरा. इकडे, कॉम्प्युटरच्या आत. माझ्या तोंडावर नको.

तात्या : आतच धरलाय की.

लेक : माझ्या नाकात बसवायचाय का ड्राइव्ह? खाली धरा. पहिल्या ड्राइव्हखाली पुठ्ठा लावून भोक बुजवलंय ना, तिथे.

तात्या : तू दातांची डॉक्टर. पेशंटवरही अशीच खेकसतेस?

लेक : पेशंट तोंड उघडं ठेवतो आणि गप्प बसतो. तुम्हाला त्यातलं अर्धंच जमतं.

तात्या : आईवर गेलीस.

लेक : स्क्रू द्या. चार होते ना बशीत? तीनच आहेत.

तात्या : तीन पुरतात. चौथा नुसता मानाचा असतो.

लेक : आणि हा पुठ्ठा कुणी लावला?

तात्या : मीच. नऊ वर्षं झाली. ड्राइव्ह काढला तेव्हा त्या भोकातून पाल आत जाऊन बसायला लागली. पत्त्यांचा डाव मांडावा आणि आतून तिनं चुकचुकावं. हरायचो मी.

लेक : पण ड्राइव्ह काढलाच कशाला? चांगला होता की.

तात्या : ती मोठी गोष्ट आहे.

लेक : लहान करून सांगा. तोवर मी ही वायर लावते.

तात्या : तर हा ड्राइव्ह होता भलताच जोरकस. सीडी आत गेली की असा गरगरायचा की अख्खं खोकं टेबलावरून चालायला लागायचं. एकदा एक नवरामुलगा आपल्या लग्नाची सीडी न्यायला दारात उभा. मी म्हटलं, थांबा, पाच मिनिटं. तेवढ्यात हे खोकं टेबलावरून उतरलं, चालत चालत गेलं दारापर्यंत, त्याच्या पुढ्यात थांबलं आणि ट्रे बाहेर! सीडी अलगद त्याच्या हातात. घरपोच सेवा. तेव्हापासून मी त्याला दोरीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवायचो.

लेक : तात्या, या खोलीला खिडकी नाही.

तात्या : तेव्हा होती.

लेक : तुम्ही इथे बसून लोकांच्या लग्नांच्या व्हिडिओंची कापाकापी करायचात, तेव्हा मी त्या कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी सतरंजीवर झोपायचे. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून तुम्ही मुद्दाम बिनखिडकीची खोली घेतली होतीत. खिडकी असती तर आज भर दुपारी टॉर्च कशाला लागला असता?

तात्या : बरं, खिडकी जाऊ दे. गज होता.

लेक : टॉर्च.

तात्या : काय टॉर्च?

लेक : पुन्हा माझ्या तोंडावर आलाय.

तात्या : हात थरथरतो गं हल्ली.

लेक : थरथरतो तर इकडेतिकडे जाईल. तो बरोबर माझ्याच तोंडावर कसा येतो?

तात्या : तू अशी वाकलीस ना, की कपाळावर एक आठी पडते. डाव्या भुवईच्या वर. काही नाही. चालू दे तुझं.

लेक : या वरच्या ड्राइव्हला हात न लावता सगळं करायचं म्हणजे अक्कलदाढ काढण्यासारखं आहे. हाच काढून त्याच्या जागी तो लावला तर?

तात्या : नाही निघणार. त्याच्या स्क्रूचं डोकं झिजलंय, फिरवलं की नुसतं गोल गोल. तो मेल्यावरच निघेल. त्यापेक्षा राहू दे ना हे सगळं. दुकानात दे ती सीडी.

लेक : तीन दुकानं झाली. या वरच्या ड्राइव्हमध्येही घालून बघितली. माझ्या लॅपटॉपला लावायचा ड्राइव्ह झाला, दवाखान्यातला झाला. सगळे म्हणतात, रिकामी आहे.

तात्या : मग असेल रिकामी.

लेक : नाही. उजेडात तिरकी धरून बघा. मधल्या भोकापासून बोटभर गडद कडं आहे. तेवढ्या भागात काहीतरी लिहिलंय. शेवटच्या दुकानात एक म्हातारे होते, तुमच्यासारखेच, पण खरं बोलणारे. ते म्हणाले, ही सीडी लिहिलीय, पण बंद केलेली नाही. चिठ्ठी लिहावी आणि पाकिटावर पत्ता घालायला विसरावं तसं. ज्या मशीननं लिहिली, त्या मशीनशिवाय दुसरं कुणी वाचू शकेल याची खात्री नाही, म्हणाले. म्हणून माळ्यावर चढले आणि हा ड्राइव्ह काढला. तुमच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवला होता. भंगार कुणी स्वेटरात गुंडाळतं, तात्या?

तात्या : माळ्यावर थंडी असते.

लेक : आणि सीडी कुठे सापडली माहितीय? आईच्या बटणांच्या डब्यात. वर तिच्या अक्षरात लिहिलंय, 'टाकू नये.'

तात्या : ती सगळ्यावरच लिहायची. फाटक्या छत्रीवरसुद्धा लिहिलं होतं.

लेक : तात्या, हसण्यावारी नेऊ नका. दादा परवा येतोय, त्यालाही याची कॉपी हवीय. आणि मला... सांगू का? मला आईचा आवाज आठवत नाही.

तात्या : असं कसं होईल?

लेक : चेहरा आठवतो. काय काय बोलायची ते शब्दन्‌शब्द आठवतं. पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. गेल्या वर्षी लक्षात आलं, एका पेशंटची दाढ भरताना. तेव्हापासून शोधतेय. तुम्ही दोघांनी चारशे लग्नं केलीत. चारशे नवऱ्या हसतायत, रडतायत, चारशे मावश्या कॅमेऱ्यात बघून पदर सावरतायत. आणि आई कुठेच नाही.

तात्या : ती दिव्यामागे असायची. लाइट धरायची ना. दिवा धरणारा फोटोत येत नाही.

लेक : म्हणून म्हणते, टॉर्च नीट धरा. झालंच आहे. इथे मागे पिनांवर एक इवलीशी टोपी आहे. काळी. मधल्या पिनांवर बसलीय. ही अशीच असते का?

तात्या : टोपी? हां, ती. वरच्या ड्राइव्हची कशी आहे?

लेक : उजवीकडे.

तात्या : मग हिलाही उजवीकडे घे. दोघांना सारखा मान दिला की ईर्षेनं पळतात. बैलांचं बघ ना.

लेक : नक्की? तुम्हीच बसवला होता ना?

तात्या : एका हाताने!

लेक : चिमटा द्या, माझ्या पिशवीतला. तो नको, तो दातांचा आहे. बरं, द्या तोच. निघाली. बसली उजवीकडे. आता झाकण तसंच राहू दे, आधी चालू करून बघू. लावा बटण.

तात्या : बघ, कसा घरघरला! जुनं हाड आहे.

लेक : थांबा, स्क्रीनवर यादी येऊ दे, काय काय जोडलंय त्याची. हार्ड डिस्क दिसतेय. ड्राइव्ह... दिसत नाही. दोन्ही दिसत नाहीत. तात्या, सकाळी वरचा तरी दिसत होता!

तात्या : रागावला असेल.

लेक : आता रागावलाय तो मी आहे! मी आहे म्हणजे मी रागावलेय! बघा, तुमच्यामुळे धड बोलताही येईना. वायर बरोबर आहे, वीज आलीय, ट्रे हलतोय. मग काय राहिलं? ते झाकण इकडे करा, मधे मधे येतंय. हे काय चिकटवलंय आतून?

तात्या : कुठे काय?

लेक : झाकणाच्या आतल्या बाजूला. कागदाची पट्टी. आईचं अक्षर आहे.

तात्या : किराण्याची यादी असेल.

लेक : ऐका. 'वरचा थोरला, टोपी उजवीकडे. खालचा धाकटा, टोपी मधे. दोघांना थोरलं करू नये, दोघेही रुसतात.' तात्या.

तात्या : ऐकतोय.

लेक : टोपी आधी मधेच होती. म्हणजे बरोबर होती. तुम्ही हलवायला लावलीत.

तात्या : तुझी परीक्षा घेत होतो.

लेक : आणि ही पट्टी?

तात्या : मी सांगत होतो, ती लिहीत होती. माझं अक्षर तुला माहितीय.

लेक : की तुम्हाला हे चालूच व्हायला नको होतं? खरं सांगा. मुद्दाम केलंत?

तात्या : टोपीचं मुद्दाम नाही केलं. आईशप्पथ.

लेक : मग काय मुद्दाम केलंत?

तात्या : बस जरा. स्टुलावर बस. ती सीडी तुलाच पाठवली होती, हॉस्टेलवर. आठवतं?

लेक : मला?

तात्या : तू पहिल्या वर्षाला होतीस, रडून रडून फोन करायचीस. हा ड्राइव्ह नवा आणला आणि तुझी आई म्हणाली, पहिली सीडी गिऱ्हाइकाची नको, पोरीची. दोघं कॅमेऱ्यापुढे बसलो. ती आयुष्यात पहिल्यांदा दिव्यापुढे आली. सीडी केली, पोस्टात टाकली. आठ दिवसांनी तुझा फोन. 'रिकामी सीडी काय पाठवलीत? मैत्रिणी हसल्या मला.'

लेक : देवा! ती ही? मला वाटलं होतं, तुम्ही चुकून कोरीच टाकलीत. सुट्टीत येताना परत आणून दिली होती मी.

तात्या : तुझ्या आईनं फोन ठेवला आणि मला विचारलं, असं कसं झालं? मी म्हटलं, पोस्टात उन्हानं तापली असेल. तिनं मानलं. मानलं असं दाखवलं. पण सीडी बंद करायचं शेवटचं बटण असतं ना, ते दाबायचं माझ्याकडे होतं. मी चहाला उठलो आणि ते राहिलं.

लेक : मग मी घरी आल्यावर या कॉम्प्युटरवर का नाही दाखवलीत?

तात्या : दाखवली की पोस्टाचं खोटं उघडं पडणार. म्हटलं, पुढच्या सुट्टीत बघू. पुढच्या सुट्टीत तुझी परीक्षा, मग तुझं लग्न, मग तिचं दुखणं. ती गेल्यावर रोज दुपारी हात त्या ड्राइव्हकडे जायचा. एकदा लावली. पहिला शब्द ऐकला आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह काढून माळ्यावर टाकला. म्हणून पुठ्ठा.

लेक : पाल नव्हती?

तात्या : पाल होती. ती नंतर आली.

लेक : मला सांगायचं होतं ना, तात्या. नऊ वर्षं.

तात्या : बाकी सगळं रंगवून सांगता येतं गं. हे एवढंच सांगताना तोंड चालत नाही. तुझ्याकडे भूल द्यायचं इंजेक्शन असतं ना, तसं काहीसं होतं.

लेक : टॉर्च घ्या.

तात्या : रागावलीस?

लेक : नंतर रागावेन. आधी बटण बंद करा, टोपी मधे घेऊ दे. धरा. नीट. माझ्याकडे नाही, पिनांकडे.

तात्या : धरला.

लेक : बसली. लावा बटण. हार्ड डिस्क... थोरला... धाकटा! आला! तात्या, दोन्ही आले!

तात्या : म्हटलं नव्हतं मी? जुनं हाड आहे.

लेक : एक अक्षर बोलू नका. सीडी द्या. कडेला धरून. ट्रे आत गेला. फिरतोय.

तात्या : खोकं धरून ठेव. चालायला लागलं तर?

लेक : आधी कॉपी करून घेते, मग बघू. पुन्हा वाचली गेली नाही तर? बारा टक्के. वीस. एकोणचाळीस.

तात्या : अडकलं का?

लेक : नाही. हा घाबरलाय तुमच्यासारखा. हं, पुढे गेला. सत्तर. नव्वद. झालं. दादाची पेनड्राइव्हवर, माझी पण. आता तुम्ही बाहेर जाऊन बसलात तरी चालेल. मी एकटी बघते.

तात्या : नाही. बसतो.

लेक : नक्की?

तात्या : एक सांगून ठेवतो. त्यात ती मला काहीतरी बोलते. कॅमेऱ्यापुढे बायका जरा चढतात. सगळंच खरं मानू नकोस.

लेक : हात द्या इकडे. लावते.

(स्क्रीनवर दोन माणसं, शेजारी शेजारी. पुरुष बोलायला लागतो.)

सीडीतले तात्या : चालू झाला का? लाल दिवा लागलाय. हां. तर पोरी, रडू नकोस आणि नीट ऐक. कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हा नवा ड्राइव्ह तुझ्या बापानं एका हाताने बसवला. दुसऱ्या हातात चहाची कपबशी...

सीडीतली आई : खोटं! साफ खोटं. पोरी, यांचं काही ऐकू नकोस.

लेक : तात्या... असा होता. थोडा बसका. असाच होता.

तात्या : शू. ऐक.

सीडीतली आई : ड्राइव्ह मी बसवलाय. हे नुसते टॉर्च धरून उभे होते. आणि तो तरी स्क्रूवर धरावा? सगळा वेळ माझ्या तोंडावर.