चिठ्ठी मनासारखी निघेपर्यंत

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका — मलाही ते लवकर सापडलं नाही. सैतानाला शास्त्र, म्हणजे आपलं बायबल, पाठ असतं का?

हसू नका! रानात चाळीस दिवस उपाशी राहिलेल्या आपल्या प्रभूकडे तो आला. प्रभू म्हणाला, 'असं लिहिलं आहे.' तर लगेच तोही म्हणतो, 'हो की, असंही लिहिलं आहे!' आणि स्तोत्रातली ओळ म्हणून दाखवतो — देवदूत तुला हातांवर झेलतील, मार देवळाच्या शिखरावरून उडी! आता, ती ओळ काही त्याने घरी बनवलेली नव्हती. ती शास्त्रातलीच. मग मोहाच्या वेळी शास्त्राला धरून राहा असं आम्ही तुम्हाला सांगतो, ते धरायचं कसं? ओळखायचं कसं, की बोलतंय कोण?

मी पुष्कळ ग्रंथ चाळले. शहाण्या माणसांची मतं वाचली, थोडी समजली, बरीच समजली नाहीत. शेवटी उत्तर मिळालं ते एका पोस्टमनच्या घरात. ऐका!

नगरकडच्या एका गावात शांतवन ओहोळ नावाचा पोस्टमन होता. सरळ माणूस. सायकल, खाकी कोट, खांद्याला पिशवी. घरी आंधळी म्हातारी आई सगुणाबाई, आणि आई नसलेली एकुलती एक मुलगी — सलोमी. मुलगी हुशार. शहरातल्या दवाखान्याच्या नर्सिंगच्या शाळेत जायचं, एवढं एकच तिच्या मनात. अर्ज केला, परीक्षा दिली. एक दिवस कार्ड आलं — 'आपल्या तालुक्यासाठी एकच जागा आहे. तुमचं नाव दुसरं. निवडलेली मुलगी गुरुवारी सकाळी दहापर्यंत हजर झाली नाही, तर ती जागा तुम्हाला मिळेल.'

निवडलेली मुलगी कोण? मंगळवारी टपालाची थैली उघडली, आणि कळलं. लिफाफ्यावर त्याच शाळेचा शिक्का. नाव — मनोरमा जयवंत आढाव!

आणि हा जयवंत आढाव कोण? गावचा सुतार. शांतवनच्याच चर्चच्या मंडळीतला, त्याच बाकावर बसणारा. मंडळीचे पंच निवडायची सभा भरली होती, तेव्हा हाच उभा राहून म्हणाला होता, "शांतवनला वचनं वाचता येतात हो. वागायला मात्र दुसरा माणूस ठेवावा लागेल!" सगळी सभा हसली होती. शांतवन त्या दिवसापासून बाक बदलून बसत होता.

तर मंडळी, लिफाफा हातात. शांतवनने काय केलं? फाडला नाही. जाळला नाही. नुसता कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मन म्हणालं, 'तू कुठं चोरी करतोस? टपालाला उशीर होतोच की! शुक्रवारी दे. दिल्याशी कारण.' किती शांतपणे बोलतो पाहा तो! मोह आरडाओरडा करत येतो असं तुम्हाला वाटतं? नाही हो. तो अगदी आपल्याच आवाजात बोलतो.

बुधवारी सकाळी घरची प्रार्थना. त्यांच्याकडे एक पत्र्याची डबी होती. नव्या वर्षाला मंडळीतून मिळालेली — आत शास्त्रातल्या वचनांच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. रोज एक काढायची आणि दिवसभर मनात धरायची. चांगली रीत आहे. मी तिला नावं ठेवत नाही. सलोमी पाणी आणायला गेली होती. शांतवनने डोळे मिटले. 'प्रभू, पत्राचं काय करू? तूच सांग.' आणि चिठ्ठी काढली.

'पाहा, मी सदोदित तुमच्याबरोबर आहे.'

किती गोड वचन! पण शांतवनला घाम फुटला. सदोदित? म्हणजे काल थैली उघडली तेव्हासुद्धा? चिठ्ठी परत आत. दुसरी काढली — 'माझी दृष्टी तुझ्यावर राहील.' हीही आत! पाहा मंडळी, वचन तेच, पण खिशात दुसऱ्याचं पत्र असलं की आशीर्वादसुद्धा धमकीसारखा वाटतो!

तिसरी. चौथी. सातवी. हा माणूस देवाला विचारत होता, की देव 'हो' म्हणेपर्यंत त्याला दमवत होता? अकराव्या खेपेला निघाली — 'तो तुझ्या मनातलं मागणं पुरवील.'

मिळालं! शांतवनचा चेहरा उजळला. देवानेच सांगितलं, आता कोण काय बोलणार?

आवडीचे घेतले मी, नावडीचे टाकिले ।
देवा, तुझ्या शब्दातुनी मीच मला ऐकिले ॥

आतून म्हातारीने विचारलं, "शांतवना, आज काय निघालं रे? मघापास्नं डबी नुसती खुळखुळतीय."

"आये, चांगलं निघालंय. 'तो तुझ्या मनातलं मागणं पुरवील.'"

"हां! सदतिसावं स्तोत्र," म्हातारी म्हणाली, आणि पदर सारखा करून बसली.

आता, सगुणाबाईला वाचता येत नव्हतं. डोळे होते तेव्हाही नाही. पोरवयात शेंगा तोडायला जायची, तेव्हा बायबल शिकवणारी एक बाई शेजारी बसून ओळ म्हणायची आणि ही मागून म्हणायची. असं पाठ झालेलं.

"दुष्टांच्यापायी जळफळू नगं," म्हातारीने सुरू केलं. "कुणाचा हेवा करू नगं..."

"आये, ते नाही. माझी ओळ पुढची आहे."

"आरं, मला मधनंच येत नाही! पहिल्यापास्नं म्हणावं लागतंय. तू मधी बोललास, आता पुन्हा सुरू करते." आणि म्हातारीने खरंच पुन्हा सुरू केलं! "दुष्टांच्यापायी जळफळू नगं. कुणाचा हेवा करू नगं. देवावर भरवसा ठेव, आन् बरं कर. देवामंदी आनंद मान — मंग तो तुझ्या मनातलं मागणं पुरवील. तुझी वाट देवावर सोपव..."

ती म्हणत राहिली. तिला पत्राचं काही ठाऊक नव्हतं. मुलाला शिकवावं असंही तिच्या मनात नव्हतं. पण शांतवनची ओळ आपल्या जागी जाऊन बसली होती — हेव्याच्या खाली, भरवशाच्या खाली. तिथे ती निराळंच बोलत होती! प्रभूपुढे सैतानाने हेच केलं होतं, मंडळी. ओळ उचलली, तिचं घर मागे ठेवलं.

शांतवन चहा न घेता उठला.

जयवंत अंगणात रंधा मारत होता. "काय रे, एवढ्या सकाळी? कुणी गेलं की काय?"

"पत्र आहे. मनोरमेचं."

"कधी आलं?"

इथे पुन्हा एक मोह! 'आत्ताच आलं' म्हणायला काय जात होतं? पत्र तर पोचलंच होतं.

"काल," शांतवन म्हणाला.

"मग काल का नाही दिलंस?"

"द्यायचं नव्हतं."

रंधा थांबला. मनोरमा पत्र वाचून दारातच उभी राहिली. "बाबा, उद्या दहाला हजर व्हायचंय!" शहराची गाडी दिवसातून एकच — नऊची, आणि स्टँड चार मैलांवर. सव्वाआठ होऊन गेले होते. जयवंतने शांतवनकडे पाहिलं. त्या नजरेत काय काय होतं ते मी सांगत नाही.

"तुझं पाप आत्ता तुझ्यापाशी राहू दे," तो म्हणाला. "सायकल आणलीस ना? बसव हिला!"

आपल्या मुलीची जागा घेणाऱ्या मुलीला मागे बसवून शांतवन चढाला लागला. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "काका, सलोमीला पण पत्र आलं का हो?"

"आलं. तू गेलीस, की तिचं नाव गळतं."

तिने सायकलवरची पकड सैल केली. मग म्हणाली, "काका, थांबू का आपण?"

"नाही," शांतवन म्हणाला. "घट्ट धर."

गाडी मिळाली.

घरी येऊन त्याने सलोमीला सगळं सांगितलं, खिशातल्या पत्रासकट. ती बापाला म्हणाली, "दादा, मग माझं काय?" त्याने डबीला हात लावला नाही. तो तिच्याशेजारी नुसता बसून राहिला.

आता तुम्ही विचाराल — पुढे देवाने सलोमीला याहून चांगली जागा दिली असेल ना? मंडळी, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर सांगितलं असतं. तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि माझं कीर्तनही रंगलं असतं. पण बक्षिसाची खात्री झाल्यावरच शास्त्र पाळायचं असेल, तर तो सौदा झाला, विश्वास नव्हे.

मला तुम्हाला दुसरंच विचारायचं आहे, आणि विचारताना मला माझीही भीती वाटते. आपल्या घरातलं शास्त्र हातात घेऊन बघा. काही पानं बोटांनी मऊ झालेली असतील — सांत्वनाची, आशीर्वादाची. आणि काही पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतील, कोरी करकरीत. ती आपण का उघडली नाहीत? मोहाच्या घडीला आपल्याला वाचवणारी ओळ बहुधा तिथेच आहे.

उभे राहा, मंडळी. आज प्रार्थनेत काही मागायला नको. माना खाली घाला, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.