आत्या रुसली आन् नोकरी लागली

अरे, ताईच्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही गुलमंडीत एका साड्यांच्या दुकानात गेलो, तर मालक नोकरी मागायला आलेल्या एका नेपाळी बाईला सांगत होते, “तिकडं साड्या विकल्या असतील, पण इथल्या गिऱ्हाइकाचा अनुभव नाय तुम्हाला.”

बिचारी चप्पल घालून निघालीच होती, तेवढ्यात आमची आत्या रुसली. मानाची साडी तिला न विचारता काढली म्हणून भिंतीकडं तोंड करून बसली. बाबांनी मनवलं, मालकानं मनवलं, पण आत्या हलंना.

बाईनं चप्पल काढली, आत्याजवळ बसली आन् मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “आत्या, नवरीचा शालू आधी तुम्ही सांगा.”

आत्या लई खुलली!

मालक म्हणाले, “उद्या दहाला या. पण हे शिकलात कुठं?”

“साहेब, आत्या आमच्या गावाला पण रुसते.”