निवांत मुलगी

पंखा मीच लावला, हे आधीच कबूल करते. म्हणजे कोणी सुनीताला दोष देणार नाही.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून फुलसावंगीत घरोघरी बैठकीच्या खोलीत कापूस छतापर्यंत रचलेला होता. माझी शेजारीण शोभा हिच्याकडे त्या ढिगाशेजारीच मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. तिची मुलगी सुनीता हिच्या फटकळ बोलण्याने आधीची दोन स्थळे परतली होती; त्यामुळे "आज तोंड उघडशीन तं पाह्य!" अशी आईची सक्त ताकीद होती.

मुलाचे वडील म्हणाले, "आमाले पोरगी निवांत पायजे."

निवृत्त झाले तरी मी शिक्षिकाच. मी म्हटले, "निवांत हा शब्द 'निवात' यावरून आला. जिथे वारा नाही, ते ठिकाण निवांत."

सर्वांनी माना डोलावल्या. बोलता बोलता मला घाम फुटला होता, म्हणून मी उठून पंखा लावला.

क्षणात कापूस पोह्यांत, चहात आणि मुलाच्या वडिलांच्या मिशांत!

"बाई!" सुनीता ओरडली. "वारा नसला का निवांत, हे तुमीच तं सांगतलं! मंग पंखा कायले लावला?"

शोभाने कपाळावर हात मारला. मुलाचे वडील मात्र मिशीतला कापूस वेचत हसले. "पोरगी निवांत नाही, पण सांगतलेलं ध्यानात ठेवते. बाईपेक्षा बरी."

लग्न कापूस विकल्यावर करायचे ठरले. तोवर मला पंख्याच्या बटणाजवळ बसवायचे नाही, हेही ठरले. पहिल्याला मुलामुलीसह सर्वांनी होकार दिला. दुसऱ्याला, नाइलाजाने, मीही.